टाचेपासून पुढे

॥ श्री ॥
पिपलानी, भोपाळ
दि. १८ नोव्हेंबर १९७९

चि. सौ. कमल हिस बाळकृष्णाचे अ. उ. आ.

तुझी ताई जाऊन आज पाच आठवडे झाले. तू विचारलंस म्हणून लिहितो, जेवण वेळेवर होतं. शेजारच्या कांचनवहिनी भाजी आणून देतात, पोळ्या मी करतो आणि त्या गोल होतात. बाकी घर खायला उठतं. सकाळचा भोंगा झाला की सुटल्यासारखा कारखान्यात जातो, आणि सुटीचा भोंगा होऊच नये असं वाटतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

काल तिचं कपाट उघडलं. विणकामाच्या पिशवीत राखाडी लोकरीचा एक मोजा पुरा आहे. दुसरा चार सलायांवर अर्धवट, टाचेच्या वर थांबलेला. शेवटच्या दिवसांत अंथरुणात बसून ती हेच करत होती. मी बघत होतो, कुणासाठी म्हणून विचारलं नाही. माझ्यासाठीच असणार. मला लोकर टोचते हे माहीत असून विणत होती, वेडी!

हा मोजा मला पुरा करायचा आहे. लेथवर मी उमेदीची वर्षं काढली, एका सुताचा फरक कधी राहू दिला नाही. टाच कशी करतात ते क्रमवार लिही. आकृती काढलीस तर उत्तम.

केशवरावांना नमस्कार. माया असू दे, आता मागायला दुसरं कुणी राहिलं नाही.

बाळकृष्ण

* * *

नागपूर
दि. २६ नोव्हेंबर १९७९

ती. भाऊजींना कमलचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग पदर डोळ्यांना लावला. ताई असती तर तिने अख्ख्या सेक्टरला बोलावून तुम्हाला सुया धरलेलं दाखवलं असतं. आणि भाऊजी, सुयाच म्हणतात त्यांना. सलाया तुम्हा भोपाळवाल्यांच्या!

खरं सांगू? तो मोजा तसाच मला पाठवून द्या, मी पुरा करीन. तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता? पण तुम्ही ऐकायचे नाहीत, म्हणून लिहिते.

सुयांवर साठ टाके असतील. तीस एका सुईवर घ्या, बाकीचे तीस तसेच थांबू द्या. या तीसवर एक ओळ सुलट, एक उलट, अशा तीस ओळी करा. मग सतरा सुलट विणा, पुढचे दोन एकत्र, एक सुलट, आणि ओळ अर्धी सोडून तिथूनच उलटं वळा. परत येताना पहिला टाका नुसता उचला, पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा वळा. दर वेळी एक टाका पुढे जायचं. शेवटी अठरा उरतील. मग दोन्ही कडांचे टाके उचलून पुन्हा गोल विणायचं. ओळ अर्धी सोडायला तुम्हाला जड जाणार हे मला ठाऊक आहे. पण मागे फिरल्याशिवाय टाच होत नाही, भाऊजी. पुढचं माप घ्यायला पुरा झालेला मोजा एकदा पायात घालून बघा.

जेवत जा. मुलं तुमची आठवण काढतात. तुमचा आशीर्वाद पाठीशी आहे, तो तसाच असू द्या.

तुमची
कमल

* * *

पिपलानी, भोपाळ
दि. ९ डिसेंबर १९७९

चि. सौ. कमल हिस अ. उ. आ.

तू सांगितलंस तसा मोजा पायात घातला. पुढे बोटभर रिकामा लोंबला. स्टीलच्या पट्टीने मोजला. साडेदहा इंच. माझा पाय साडेनऊ. तुझ्या ताईने माझे स्वेटर आयुष्यभर विणले आणि बाहीत कधी अर्ध्या इंचाची चूक केली नाही. ती मोज्यात एक इंच चुकेल?

साडेदहाचा पाय या घरात एकाचाच होता.

म्हणजे ती त्याला विणून पाठवत होती. कुठे? कधीपासून? माझ्या डोळ्यांसमोर, ओट्यावर उन्हात बसून विणत होती आणि मी पेपर वाचत होतो! तुझं ते ‘मला पाठवून द्या’ आता कळलं. तू सगळं जाणतेस.

सहा वर्षांपूर्वी कारखान्यात ट्रेनिंगला असताना अच्युतने गैरहजर मित्राचं हजेरीचं कार्ड पंच केलं. मी त्याच शॉपचा फोरमन. रिपोर्ट मी लिहिला. साहेब म्हणाले होते, पहिलीच चूक आहे, समज देऊन सोडा. मी सोडलं नाही. पोटचा म्हणून सोडला असं उद्या कुणी म्हणायला नको होतं. त्याचं ट्रेनिंग सुटलं, त्याच आठवड्यात तो घरातून गेला. नियमाने बघितलं तर मी चुकलो नाही. पण तिच्या तिसऱ्या दिवशी मी एकटा उभा होतो, कमल.

तो कुठे आहे ते सांग. मी रागावलेलो नाही.

बाळकृष्ण

* * *

नागपूर
दि. १६ डिसेंबर १९७९

ती. भाऊजींना कमलचा सा. न.

रागवा हवं तर, पण आता लपवत नाही. दर दिवाळीनंतर ताई मोज्यांचं पार्सल माझ्याकडे पाठवायची आणि मी ते पुढे धाडायची. अच्युत पहाडात धरणाच्या कामावर मोटारी दुरुस्त करतो. तिथे थंडीने बोटं सुजतात. ताई गेल्याची तार मीच त्याला केली. रस्ता बंद होता, तो इथे पोचला तेव्हा तेरावा उलटून गेला होता. दोन दिवस माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसून होता. तुमचं नाव निघालं की उठून अंगणात जायचा.

तुम्ही विषय काढलात म्हणून बोलते. ज्या मित्राचं कार्ड त्याने पंच केलं, तो आपल्या आईला इस्पितळात घेऊन गेला होता. अच्युतने तुम्हाला हे सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, रिपोर्टमध्ये कारणाचा रकाना नसतो. ताईने हे वाक्य मला कितीदा सांगितलं असेल! प्रत्येक वेळी रडली.

पत्ता त्याला विचारल्याशिवाय देणार नाही, मी शब्द दिलाय. तुम्ही मोजा पुरा करा, सोबत चिठ्ठी लिहा, मी पाठवते. एकच ऐका. ताईचा हात सैल होता, तुमचा घट्ट असणार. टाचेपासून पुढे जाड सुया घ्या. त्याच्या पायाचा वरचा उंचवटा मोठा आहे, अडेल. आणि चिठ्ठीत मनातलं लिहा हो, भाऊजी. हात जोडते.

लोभ कमी करू नका.

कमल

* * *

पिपलानी, भोपाळ
दि. ६ जानेवारी १९८०

चि. सौ. कमल हिस अ. उ. आ.

मोजा झाला. टाच चारदा उसवली. तुझ्या ताईची उरलेली लोकर उसवून उसवून पिंजारून गेली म्हणून जवाहर चौकात जाऊन त्याच रंगाची नवी लडी आणली. म्हणजे टाचेपर्यंत तिची लोकर आणि पुढे माझी. ओट्यावर विणताना पाहून कांचनवहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत.

जाड सुया घेतल्या नाहीत. साठ टाके म्हणजे साठ टाके, सुई बदलली की हिशेब बदलतो. पुरा झाल्यावर तो पाऊण इंच आखूड भरला. मग ओला केला, फळीवर ताणून खिळ्यांनी बसवला, दोन दिवस उन्हात वाळवला. आता साडेदहा, पट्टीला पट्टी. दोन्ही शेजारी ठेवले तर कुणाचा कुठला ओळखू येणार नाही.

चिठ्ठी सोबत आहे, तू वाचलीस तरी चालेल. चार कागद फाडले. शेवटी लिहिलं की एकतीस मार्चला मी रिटायर होतो, क्वार्टर सोडायचं आहे, त्याआधी येऊन आईची ट्रंक घेऊन जा. बाकीचं लिहवत नाही. मोजा पाहून तो समजेल. या हातांनी मी दुसरं काय सांगू?

रोज पोस्टमनची वाट बघेन. मला विसरू नका.

बाळकृष्ण

* * *

दि. २ फेब्रुवारी १९८०

श्री. पांढरीपांडेसाहेब यांस,

शॉपमध्ये तुम्ही मला असंच म्हणायला लावायचात. दुसरं काही आता तोंडात येत नाही.

मोजे मिळाले. एक पायात गेला. दुसरा टाचेपर्यंत सहज गेला आणि तिथे अडला. आधी वाटलं पाय सुजलाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. जोर केला असता तर आईचे टाके तुटले असते. मावशीने लिहिलं होतं की आईने कुठपर्यंत विणलंय, पण ते मला कळलंच होतं.

टाचेपासून पुढचं मी उसवलं. आईचे साठ टाके दोऱ्यात ओवून माझ्याजवळ ठेवले आहेत. तुमची लोकर सोबत परत पाठवत आहे.

ट्रंक मावशीकडे ठेवा. एकतीस मार्चला मी येणार नाही. तब्येत सांभाळा.

अच्युत

* * *

पिपलानी, भोपाळ
दि. ११ फेब्रुवारी १९८०

चि. सौ. कमल हिस अ. उ. आ.

पार्सल कारखान्यातून आल्यावर उघडलं. हाताला लोकर मऊ लागली तेव्हा वेड्यासारखं वाटलं, त्याने मला काहीतरी पाठवलंय. मग पत्र वाचलं. गुंडाळी नीट केलेली आहे. त्याला लहानपणी मीच शिकवलं होतं, तार गुंडाळताना गाठ पडू द्यायची नाही.

ओला करून ताणलेला मोजा माप दाखवतो, पण खिळ्यांवरून उतरला की हळूहळू पुन्हा आपल्या जागी येतो. हे मला कळायला हवं होतं. तू जाड सुया सांगितल्या होत्यास.

ट्रंक पुढच्या आठवड्यात रेल्वेने पाठवतो. तिच्या सुया त्यातच ठेवल्या आहेत, मला त्यांचा आता उपयोग नाही. लोकर माझ्याकडे राहू दे. ती सगळी वाकडी झाली आहे. सरळ करतात म्हणे, पण नको.

चुकलं माझं, कमल. त्या चिठ्ठीत हे दोन शब्द मावले असते. मी तिथे क्वार्टरची तारीख लिहिली.

तुम्हा सर्वांना आशीर्वाद.

बाळकृष्ण