कोणीच न खाल्लेले एकवीस गोल

मी, आधार सुकदेव तायडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला स्टोअरकीपर, राहणार वरणगाव, तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव, लिहून ठेवतो की मी पूर्ण शुद्धीवर आहे, कोणी माझा हात धरलेला नाही आणि कोणी काही पाजलेले नाही. शुद्धीचा पुरावा म्हणून आज सकाळी इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतले चोवीसही फुटबॉल संघ मी खालून वर, न अडखळता म्हणून दाखवले. ऐकायला माझा जुना सोबती रुपचंद भोळे होता. त्याला त्यातला एकही संघ माहीत नाही, तेव्हा त्याची साक्ष किती धरायची ते वाचणाऱ्याने ठरवावे.

कलम १. दिनांक १ मार्चचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात राहते घर मुलगी मृणाली हिला दिले होते, आणि मुलगा प्रशील व सून दिपमाला यांच्याविषयी जे शब्द लिहिले होते ते आता परत वाचवत नाहीत. तेही रद्द. फेब्रुवारीत हृदयाच्या त्रासाने मी सहा दिवस जळगावला इस्पितळात होतो. घरी आलो तर माझा मोबाइल दिपमालाच्या ताब्यात. म्हणे डोळ्यांवर ताण येतो. मृणालीशी माझे बोलणे होऊ नये आणि घर गुपचूप नावावर करून घ्यावे असा यांचा डाव आहे, हे मी दोन दिवसांत ठरवून टाकले. चौतीस वर्षांत सहीशिवाय एक नटबोल्ट कोणाला दिला नाही मी. संशय घेणे हे माझे कामच होते आणि त्याचाच पगार मिळायचा.

कलम २. ब्रॅकनशॉ टाउन या क्लबविषयी. मृणाली इंग्लंडात त्या गावात नर्स आहे. आम्ही दोघे, मी आणि माझी पत्नी लिलाबाई, २०१८ साली तिच्याकडे तीन महिने राहिलो. पोरगी कामावर गेली की जाणार कुठे? जवळ क्लबचे मैदान होते, तिथे जाऊन बसायचो. लिलाबाई शाल घेऊन, डब्यात कळण्याची भाकरी घेऊन यायची आणि पंचाला अशी बोलायची की शेजारचे गोरे म्हातारे भाषा न कळता माना डोलवायचे. क्लब कधीच मोठा नव्हता. हरायचा, पण नेमाने खेळायचा. २०२१ मध्ये लिलाबाई गेली. तेव्हा मृणालीने तिथल्या भिंतीत आईच्या नावाची वीट बसवून घेतली. तो क्लब तशा विटा बसवू देतो. यंदा क्लब खालच्या दोनांत गेला तर श्रेणीतून बाहेर पडेल आणि मग मैदान विकतील असे बोलतात. क्लबच्या अध्यक्षावर माझा पहिल्यापासून संशय आहे. जो माणूस सामना चालू असताना मैदानाची लांबी पावलांनी मोजतो त्याला फुटबॉल आवडत नाही. मैदान गेलेच तर मृणालीने ती वीट काढून आणावी. विमानात वजन जास्त होत असेल तर आपले कपडे काढून ठेवावेत, वीट नाही.

कलम ३. माझ्या नोंदवहीविषयी. चोवीस संघांना चोवीस पाने आहेत, केलेले गोल एका बाजूला, खाल्लेले, म्हणजे अंगावर बसलेले, दुसऱ्या बाजूला. मी आजारी पडेपर्यंत आमचा क्लब अकरा सामने सलग हरलेला होता. दर रविवारी सकाळी चहाबरोबर दिपमाला मोबाइलवरून आमच्या क्लबचा निकाल आणि बाकी तेवीस संघांचे तक्त्यातले गोलांचे आकडे वाचते आणि मी लिहितो. तिचे माहेर नरडाण्याकडचे, बोलणे तिकडचे. पहिल्या रविवारी म्हणाली, "आबा, आपलाच जिंकनात. दोन–एक."

पुढच्या रविवारीही जिंकले, त्याच्या पुढच्याही. दहा शनिवारांत आठ विजय आणि दोन बरोबरी. गेल्या आठ वर्षांत ज्यांनी लागोपाठ तीन सामने जिंकले नाहीत त्यांचे हे असे. मला आनंद व्हायला हवा होता. मी आधी पंचांवर संशय घेतला, मग सट्टेवाल्यांवर, मग अर्थातच अध्यक्षावर. शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. सगळ्या संघांनी केलेल्या गोलांची बेरीज केली आणि सगळ्यांनी खाल्लेल्या गोलांची. स्टोअरचा नियम आहे: एकाने दिले ते दुसऱ्याने घेतलेच पाहिजे. माझ्या वहीत एकवीस गोल असे निघाले की ते कोणीतरी केले, पण खाल्ले कोणीच नाहीत.

म्हणजे चोर इंग्लंडात नव्हता, माझ्याच स्वयंपाकघरात होता.

कलम ४. आता जे लिहितो ते वाचून प्रशीलने रागावू नये. माझ्या मनात पहिला विचार क्लबचा आला नाही. इस्पितळाचा रिपोर्टही दिपमालानेच वाचून दाखवला होता. "बठ्ठं चांगलं शे, आबा. डॉक्टर म्हने, गोया टाइमवर लेवान्या, बस." जी बाई गोल फिरवते ती रिपोर्ट का फिरवणार नाही? फाइल बाजरीच्या डब्यामागे सापडली. ती रुपचंदच्या पिशवीत घालून त्याला भुसावळला ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि क्लबचा खरा निकाल काय तेही कोणाच्या तरी मोबाइलवर बघून यायला सांगितले.

रुपचंद परत आला आणि म्हणाला, "काही नाही रे, चांगलं आहे. तुले उगीच शंका येतात."

हे म्हणताना तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. १९८९ साली निर्माणीच्या आंतरविभाग सामन्यात, अंतिम फेरीत, याने गोलात उभे राहून एक सरपटता चेंडू पायांमधून जाऊ दिला, तेव्हाही असाच हातांकडे बघत म्हणाला होता, "मले दिसलाच नाही." त्याला दिसला होता. सदतीस वर्षे मी ते विसरलेलो नाही. मी म्हणालो, "रुपचंद, हात खिशात घाल आणि सांग."

मग सांगितले. हृदय पाचवा हिस्सा काम करते. ऑपरेशन होण्यासारखे नाही. आंब्यांचा हंगाम निघेल, त्यापुढचे डॉक्टर बोलत नाहीत. आणि क्लब तळातून दुसरा, शेवटचा सामना २ मे रोजी, तो जिंकला तरच वाचेल. मला दोन्ही बातम्यांचे दुःख झाले. कोणत्या बातमीचे आधी झाले ते इथे लिहीत नाही.

कलम ५. दिपमाला बहिणीच्या मुलांना आणायला जळगावला गेली असता मी तिचे कपाट उघडले. हे चूक होते. आत शाळेची दोनशे पानी वही निघाली. दहा शनिवार, प्रत्येकाचे एक पान. आमच्या क्लबचा खरा निकाल पेन्सिलीने, खाली आमच्यासाठीचा निकाल पेनाने. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला, कोणाच्या पासवर. एका ठिकाणी समोरच्याचा स्वयंगोलसुद्धा आहे. या बाईला फेब्रुवारीपर्यंत कॉर्नर म्हणजे काय ते माहीत नव्हते. शेवटच्या पानावर २ मेचा निकाल आधीच लिहून ठेवला आहे: आपण तीन, ते शून्य. त्याखाली लहान अक्षरात, "आबाले लिलाआक्कानी वीट राहिनी असं सांगनं."

मी वही होती तशी ठेवली आणि कॉटवर येऊन बसलो. मला रडू आले, तेही लिहितो.

कलम ६. सबब राहते घर, पुढच्या अंगणासह, सून सौ. दिपमाला प्रशील तायडे हिला तिच्या एकटीच्या नावे देत आहे. प्रशीलने तिथे तिच्या मर्जीने राहावे. बँकेतली ठेव मृणाली आणि प्रशील यांना निम्मी निम्मी. लिलाबाईची शाल मृणालीला. क्लबचा निळा मफलर प्रशीलला, जरी त्याला क्रिकेटच आवडते. रुपचंदला माझा कुलूप-किल्ल्यांचा जुडगा द्यायचा होता, पण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. त्यात रुपचंदचाच काहीतरी हात असावा, कारण कुलुपे गंजलेली आहेत.

कलम ७. रविवार दिनांक ३ मे रोजी सकाळी मी असलो तर चहा घेऊन खुर्चीत बसेन, निकाल ऐकेन आणि टाळ्या वाजवेन. तीन–शून्य या निकालास माझी हरकत नाही. खरा निकाल काय लागला तो नंतर माझ्या फोटोसमोर कोणी वाचू नये.

कलम ८. सेवेत असताना मी कधी एकही नोंद बदलली नाही. वरिष्ठांनी दटावले तरी नाही. काल दुपारी माझ्या नोंदवहीत मी ते एकवीस गोल इतर संघांच्या पानांवर, कोणाला एक, कोणाला दोन, असे खाल्ल्याचे दाखवून वाटून टाकले. आता बेरीज जुळते. माझ्यानंतर कोणी तपासायला बसला तर त्याला दिपमालाची चूक सापडणार नाही.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करून पाकिटात बंद केले. माझ्यानंतरच उघडावे.

ठिकाण: वरणगाव
दिनांक: २६ एप्रिल २०२६, रविवार

सही: आधार सुकदेव तायडे

साक्षीदार १: ज्ञानेश्वर अमृत पाटील, शेजारी. (मजकूर वाचला नाही. चष्मा घरी राहिला म्हणतो. चष्मा खिशात दिसत होता. आ. सु. ता.)

साक्षीदार २: रुपचंद गिरधर भोळे. मृत्युपत्र करणाऱ्याची प्रकृती ठणठणीत असून त्यांना अजून पुष्कळ आयुष्य आहे असे पाहून सही केली.

(हे लिहून झाल्यावर तो तळहातांकडे बघत होता. या वेळी हात खिशात घाल म्हणालो नाही. १९८९चा गोल माफ. आ. सु. ता.)