चौथ्या मजल्यावरचा विसावा

२ फेब्रुवारी १९९७, रविवार

आलो एकदाचे गुडगावात! करोल बागेतल्या दीड खोलीत अकरा वर्षं काढली, आता सहाव्या मजल्यावर स्वतःचं घर. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. बिल्डर म्हणतो, होळीपर्यंत बसेल. कुठल्या होळीपर्यंत ते त्यानं सांगितलेलं नाही. आमची आठ वर्षांची संपदा सगळ्या खोल्यांतून पळत सुटली आणि गॅलरीतून तिनं मोर पाहिला. नरसिंह माझ्याकडे बघून नुसता हसत होता. इतकी खूश आहे की स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटते.

१७ फेब्रुवारी

रोजचा क्रम बसला. साडेपाचला उठायचं, दोन बस बदलून पहाडगंजची शाळा गाठायची, चौथीचा वर्ग शिकवायचा, परत दोन बस, मग सहा मजले. नरसिंह नव्या कंपनीपायी अर्धा महिना दौऱ्यावर असतो. संपदा दुपारी समोरच्या भाटियाबाईंकडे बसते, पाचला मी तिला घरी नेते.

शाळेतल्या सुमित्राबाईंनी आज बजावलं, की दमणं एकदम येत नाही, आधी बारीकसारीक खुणा दिसतात, त्या लिहून ठेव. लिहिते. स्वयंपाक करताना गुणगुणणं बंद झालंय. आज वरणात मीठ दोनदा पडलं.

६ मार्च

फळ्यावर कालचीच तारीख लिहिली. संपदा तिच्या वर्गातली गंमत सांगत होती, मी नुसती हं हं करत होते. तिनं ते ओळखलं आणि गोष्ट मधेच सोडून दिली. फार लागलं मला ते.

आजपासून चढताना चौथ्या मजल्याच्या पायरीवर पाच मिनिटं टेकायचं ठरवलंय. तिथले सगळे फ्लॅट रिकामे आहेत, कुणी बघत नाही.

११ मार्च

टेकून वर गेले तर भाटियाबाई म्हणाल्या, की संपदाला तुम्ही आत्ताच तर घेऊन गेलात. आमचं दार उघडं होतं. संपदा दूध पीत होती. म्हणाली, तू बाथरूममध्ये गेली होतीस ना, बाहेरून कशी आलीस?

बाथरूममध्ये कुणी नव्हतं. फरशी ओली होती.

१९ मार्च

टेकले होते. मागून चपला वाजल्या आणि कुणीतरी मला ओलांडून वर गेलं. माझीच पिवळी साडी, माझीच पर्स. पाठ ताठ. गुणगुणत होती.

वर पोचले तर कुणी नाही. संपदाचा अभ्यास झालेला, वेण्या घातलेल्या. मला मिठी मारून म्हणाली, आई, आज तू किती मस्त खेळलीस यार!

२६ मार्च

चार दिवस न टेकता चढले. ती आली नाही. पण घरात शिरल्या शिरल्या मी आडवी पडते, आणि संपदा खेळणाऱ्या आईची वाट बघत बसते. आज रडली. मी तिच्यावर ओरडले. चुकलं गं माझं, बाळा.

३ एप्रिल

पाय उचलेनात. टेकले. वर गेले तर दार आतून बंद. आत हसणं — संपदाचं, आणि माझं. घंटा वाजवत राहिले. बऱ्याच वेळानं संपदानं दार उघडलं. मला बघून ती दचकली.

९ एप्रिल

सुमित्राबाई म्हणाल्या, रजा घे. मिळाली, शनिवारपासून. दोन दिवस काढायचे फक्त. बूथवरून नरसिंहला फोन केला. तो म्हणाला, अगं, आत्ताच तर बोललीस, किती ताजीतवानी वाटत होतीस —

मी बोलले नव्हते.

११ एप्रिल

चौथ्या मजल्यावरच लिहितेय. उठता येत नाही. ती गेली वर. आज वळून पाहिलं तिनं. कीव आली होती तिला माझी.

वरून कुणी उतरतंय. लहान पावलं — संपदा! हातात पाण्याचा ग्लास. दोन पायऱ्या वरच थांबलीय. म्हणाली, आंटी, मम्मीने भेजा है, आप बहुत थक गई हो ना?

हिंदीत. माझ्याशी. परक्या बाईशी बोलावं तसं.

ग्लास ठेवून वर पळाली — संपदा, थांब, अगं मी तुझी