गोरखचिंचेखालच्या हत्तीबाबत आणि शनिवारच्या टोपलीबाबत

दिनांक: १४ नोव्हेंबर

प्रति,
मा. पर्यटक मार्गदर्शन अधिकारी,
कालिंगो वन्यप्राणी उद्यान, मुख्य फाटक कार्यालय,
लुआंग्वा खोरे, झांबिया.

विषय: सफारीच्या सूचनापत्रकातील फळांची सूचना रद्द करणेबाबत, तसेच शनिवारच्या दौऱ्यात आंब्यांची टोपली न स्वीकारणेबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे दोन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

मी खाली सही करणारा, चिपुका गावचा रहिवासी, आपल्या उद्यानात पायी सफारीचा वाटाड्या आहे. उपरोक्त विषयी पुन्हा तसदी देत आहे, क्षमा असावी.

१. आपले ‘सफारीचे नियोजन’ हे पत्रक बव्हंशी योग्य आहे. कपडे मातकट रंगाचे असावेत, निळा-काळा रंग टाळावा, कारण त्यावर त्सेत्से माशी तुटून पडते, हे खरे. कोरड्या दिवसांत यावे, उजाडताच निघावे, हेही खरे. परंतु सातवी सूचना अशी: “फेरी लांबते, सबब संत्री, आंबे अशी रसदार फळे हाताशी ठेवावीत.” ही लिहिणाऱ्याने हत्ती फक्त चित्रात पाहिला असावा.

२. जूनमध्ये एका पाहुण्या बाईंनी नाल्याच्या उतारावरील गोरखचिंचेखाली गाडी थांबवून फाटक्या कानाच्या हत्तीकडे संत्रे घरंगळत सोडले. मी म्हणालो, “बाईसाहेब, नका. त्याच्या लक्षात राहील.” त्या म्हणाल्या, “अहो, देऊ नका असं कुठं लिहिलंय?” आणि पत्रक दाखवले. तसे लिहिलेले नव्हते, हे मला मान्य करावे लागले. त्या दिवसापासून तो तिथून हललेला नाही. आमच्या गावातून दवाखान्याकडे जाणारा रस्ता तोच, दुसरा नाही.

३. सप्टेंबरमध्ये एका गाडीत फळांची पिशवी सीटखाली होती आणि काचा बंद होत्या. त्याने दाराला सुळे लावले आणि पिशवी सीटसकट बाहेर ओढली. चालकाची मांडी मोडली. फळे नसलेली गाडी मात्र तो सोंड फिरवून जाऊ देतो, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

४. यावर मी अर्ज केला. आपण कळवलेत की पत्रके छापून झाली आहेत, आणि हत्तीचा विषय दुसऱ्या शाखेचा आहे. दुसऱ्या शाखेने सांगितले की पर्यटक खास त्यालाच पाहायला येतात. नव्या पत्रकावर त्याचे छायाचित्र आले आहे. खाली छापले आहे, “हमखास दिसणारा हत्ती.” सातवी सूचना त्याच पानावर कायम आहे. हे वाचून मी हसलो होतो, याची आता लाज वाटते.

५. गेल्या आठवड्यात आमच्या शेजारीण आग्नेस म्वाले दवाखान्याकडे पायी निघाल्या. त्या उतारापलीकडे पोहोचल्या नाहीत. त्यांच्यापाशी एकही फळ नव्हते. सकाळी त्यांनी नातवंडांना आंबे सोलून दिले होते, त्याचा वास तेवढा हातांना होता.

६. आमच्या कुळाचे नाव हत्तीवरून, गावप्रमुख जेरेमाया म्वुला यांच्या कुळाचे पावसावरून. या दोन कुळांनी एकमेकांची थट्टा करायची आणि कोणी रागवायचे नाही, अशी आमची रीत आहे. पाच महिने ते मला म्हणत आले, “अरे लेव्हिसन, तुझा काका रस्ता अडवून बसलाय, जरा समजाव की त्याला!” मयतीलाही थट्टा करण्याचा त्यांना हक्क आहे. आग्नेसबाईंना माती देताना ते एक शब्द बोलले नाहीत.

७. माझी मुलगी तिओंगे हिचे दिवस भरले आहेत. तिचा नवरा दूर तांब्याच्या खाणीत आहे. पायी वाट बंद झाल्याने गावाने ठरवले की शनिवारी आपण भेटीस याल, तेव्हा परतताना तिला आपल्या गाडीतून दवाखान्यात न्यावे. आपण होकार दिलात, याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. परंतु पाहुण्याची गाडी रिकामी जाऊ द्यायची नाही, हीही आमची रीत. गावप्रमुख स्वतःच्या हाताने आंब्यांची टोपली मागे ठेवतील. मी विनवण्या केल्या. ते म्हणाले, “साहेबांना रिकाम्या हाताने पाठवू? मग मला गावप्रमुख कशाला म्हणता रे?” देणाऱ्याला मी अडवू शकत नाही. नाही म्हणणे फक्त पाहुण्याच्या हाती असते.

८. तरी विनंती की टोपली स्वीकारू नये. गाव नाराज होईल, होऊ द्यावे. एक आंबा मानाखातर घेतो, असेही म्हणू नये. आमच्याकडे आल्यावर आंबा कापून समोर येईल, तोही खाऊ नये. तिओंगेला डोहाळे कच्च्या आंब्याचेच लागले आहेत. मी रोज तिची उशी आणि ओचा तपासतो. पोर रडते, “बाबा, एक फोड तरी!” आणि मी, तिचा बाप, ती हातातून काढून घेतो. मला भीती वाटते, साहेब. वाटाड्या म्हणून आजवर हे कोणाला सांगितले नव्हते.

शनिवारी ती मागच्या सीटवर असेल. तिचे हात मी राखेने धुऊन देईन. आपले आपण धुवावेत.

गाडीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही) लेव्हिसन न्जोवू
वाटाड्या, चिपुका

सोबत:
१) सूचनापत्रकाची प्रत, सातवी सूचना खोडून.
२) बिनवासाच्या साबणाची वडी, एक.