पावणेदोनशेचे सव्वादोनशे

मी, खाली सही करणारा, वय बाहत्तर, धातूच्या कारखान्यातला निवृत्त भट्टी-मुकादम, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाचाही धाक नसताना हे लिहून ठेवतो. डॉक्टरांनी उरलेले महिने सांगितले तेव्हा मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट बघत होतो. अजूनही फारसे काही वाटत नाही.

१. चिमटे आणि वह्या भाचीला. ती कॉलेजात धातुशास्त्र शिकवते आणि माझ्या अक्षराला हसते. तिसऱ्या वहीत तिच्यासाठी लिहिले आहे: ॲल्युमिनियम तापवून त्यात तांबे विरघळवायचे, पाण्यात बुडवून एकदम गार करायचे, मग मंद आचेवर आठ तास ठेवायचे. डोळ्यांना न दिसणारे कण जागोजाग तयार होतात. धातूचे थर त्यांना अडतात, सरकत नाहीत. खडे पसरलेल्या जमिनीवरून जाजम ओढून पाहा. आच जास्त झाली की बारीक कण विरतात, त्यांच्या जिवावर थोडेच मोठे फुगतात, मधली जागा मोकळी पडते आणि धातू लेचापेचा होतो.

२. आरामखुर्ची मेहुण्याला. नाहीतरी आला की तीच अडवून बसतो.

३. राहते घर, दोन खोल्या, धाकट्या भावाला. कारण लिहिणे भाग आहे. ॲल्युमिनियमच्या शिडीच्या पायऱ्यांचा एक घाणा, म्हणजे एका वेळचा माल, भट्टीत जायचा होता; त्याला पावणेदोनशे अंश हवे होते. मी बोलताना सव्वादोनशे म्हणालो. भट्टी भावाने लावली. नमुना तपासायचा मी कंटाळा केला. पुढे एक पायरी वाकली आणि एक रंगारी पडला, तो पुन्हा चालला नाही. चौकशीत भाऊ म्हणाला, “मीच चुकीचं ऐकलं.” मी तोंडाला कुलूप लावले. त्याची नोकरी गेली, मला बढती मिळाली. एकतीस वर्षे तो स्वतःच्या कानांना दोष देत आला आहे. त्याने बरोबर ऐकले होते. मला लाज वाटते. आता तेवढेच वाटते.

सहीआधी कागद भावाला वाचायला दिला. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. तो म्हणाला, “मग घर भाचीला दे. मला इथे सही करायचीय.” त्याप्रमाणे कलम ३ मधले नाव बदलले असे समजावे.

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च, सोमवार
सही: भट्टी-मुकादम

साक्षीदार १: वकीलबाई
साक्षीदार २: धाकटा भाऊ, ट्रकचालक. सहीखाली त्याच्याच हातचे: “दादा, मी तेव्हा दोनदा विचारून घेतलं होतं. दोन्ही वेळा तू सव्वादोनशेच म्हणालास.”