ताईच्या हातची गोळी

३ तारीख
ताईकडे राहायला आलो. खोली उजेडाची, पलंग दाजींचा. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, दोन वर्षांपूर्वी यकृताच्याच दुखण्यानं गेले. दारूचा थेंब न घेता माझंही यकृत दगड झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणून दोघंही पोटभर हसलो. डॉक्टरांनी समजावलंय की अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात, त्या फुटू नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ ही गोळी. तिनं नाडी मंदावते, ती मंदावायलाच हवी. मनानं बंद करायची नाही. गोळ्या ताईनं स्वतःकडे घेतल्या. बरं झालं, मला हल्ली कशाचीही आठवण ठेवायचा कंटाळा येतो.

६ तारीख
जिन्यात कुणाचं तरी कपाट कोसळलं. घाबरलो, पण छाती धडधडली नाही. गोळीनं भीतीलासुद्धा दमवलंय. ताई रोज माझं मनगट धरून बसते. नाडी पंचावन्न भरली तेव्हा तिचा चेहरा उतरला. दाजींचीही अशीच मंदावत गेली होती, म्हणाली. डॉक्टरांचं सांगणं तिला पुन्हा सांगितलं. तिनं मान डोलावली.

११ तारीख
ताई खुशीत आहे. नाडी सुधारली म्हणते. गोळीची चव वेगळी लागली. विचारायचा कंटाळा केला.

१४ तारीख
दार वाजलं. नुसता पोस्टमन. पण छाती अशी धडधडली की खाली बसलो. गोळी पोटात जात असती तर हे झालंच नसतं.

ताईला विचारलं. तिनं काही लपवलं नाही. भाजी निवडत म्हणाली, "थंड पडत चालला होतास रे. आता ताकदीची गोळी देते. यांचीही मीच बंद केली होती. शेवटी नाडी कशी घोड्यासारखी पळत होती."

दाजी रक्ताच्या उलटीनं गेले. तिला अजूनही कळलेलं नाही. मला तिची भीती वाटते, आणि कीवही.

१५ तारीख
शौचाला डांबरासारखं काळं, म्हणजे आत रक्त सुटलंय. खऱ्या गोळ्या तिनं फेकून दिल्यात. डॉक्टरांना फोन केला, ताबडतोब या म्हणाले. उठलो तर डोळ्यांपुढे—

दुपारी
रुग्णवाहिका बोलावली. ताईनं दारातूनच परत पाठवली. दमलाय, झोपू दे म्हणाली. रागवायचंही त्राण—

तोंडात रक्ताची चव. ती उशाशी. माझं डावं मनगट धरून मोजतेय. हसतेय.

"बघ," म्हणते, "किती छान पळतेय."

ताई, हात सोड— मला वाकायचं— पातेलं—