सोयाबीन सोडल्याचा महिना

२ डिसेंबर, सोमवार

माळव्यात राहायचं आणि सोयाबीन खायचं नाही! डॉक्टरीणबाईंनी आज हे सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मग तत्वीच्या लंगोटाकडे पाहिलं आणि हसू विरलं.

नात दोन महिन्यांची. शी करते त्यात रक्ताचा धागा दिसतो. आई जे खाते त्यातलं काहीतरी दुधातून बाळाला बाधतंय म्हणतात. पंधरा दिवस सलोनीचं दूध-दही-तूप बंद केलं. थोडा उतार पडला, पण रक्त थांबलं नाही. आणि मी शहाणी, पनीर बंद म्हणून त्या पंधरा दिवसांत सुनेला रोज सोयाच्या वड्या चारत होते, ताकद राहावी म्हणून! आता त्याही बंद. वड्या, सोयाचं दूध, सोयाचं तेल, सगळं. महिनाभर पाहायचं. नाहीच थांबलं तर अंगावरचं तोडून डब्यातलं खास दूध द्यायचं.

बाईंनी कागदावर काय काय खायचं ते लिहिता लिहिता 'अंडं?' असं विचारलं. मी नुसतं पाहिलं. त्यांनी खोडलं. बाई समंजस आहेत, देव त्यांचं भलं करो.

सलोनी रिक्षात म्हणाली, "मम्मीजी, काहीही खायला सांगा, काहीही सोडायला सांगा. हिला माझ्यापासून तोडू नका."

मी म्हटलं, मी आहे ना.

३ डिसेंबर

सकाळपासून स्वयंपाकघर उपसलं. तेलाचे दोन डबे, वड्यांच्या चार पिशव्या, त्या चिवड्यातही सोया, पापडातही सोया! वाचता वाचता डोळे दुखायला लागले. सगळं शेजारच्या विमलाबाईंना दिलं. शेंगदाण्याचं तेल आणवलं.

ह्यांची आडत मंडीत, आणि मुख्य माल सोयाबीनच. जेवताना म्हणाले, "ज्या दाण्यानं हे घर बांधलं, तोच नातीला सोसेना. हिशेबात नव्हतं हे." थट्टेत म्हणाले, पण घास हातातच राहिला होता. लोक ह्यांना कोरडे म्हणतात. मला माहीत आहे ते कोरडे नाहीत.

५ डिसेंबर

आम्ही जैन, म्हणून कांदा-लसूण नाही, जमिनीखालचे कंद नाहीत, मोड आलेलं नाही, दिवस मावळायच्या आत जेवण, त्यात आता दूध नाही, सोया नाही. पीयूष म्हणतो, "मम्मी, मग उरलं काय? हवा?"

गाढवा, उरलं पुष्कळ! मूग उरले, मठ म्हणजे मटकी उरली, चवळी, वाल, कुळीथ, तूर. तीळ, जवस, राजगिरा, भोपळ्याच्या बिया. आपल्या आज्या-पणज्या काय सोयाबीन खाऊन बाळंत झाल्या? माझ्या लहानपणी ते शेतात दिसायचंही नाही. मग आलं आणि सगळं खाऊन बसलं. पिवळं पीक, पिवळं तेल, पिवळी पोतीच पोती.

आज फुटाण्याचं सातू केलं, गूळ घालून. सलोनीनं एका दमात प्यायलं आणि मग खिडकीकडे तोंड फिरवलं. मी पाहिलं. उद्या जिरं आणि लिंबू घालून करीन.

६ डिसेंबर

जिरं-लिंबू पसंत! पेला चाटून पुसून दिला.

८ डिसेंबर, रविवार

गच्चीवर मुगाच्या बड्या, म्हणजे सांडगे, घातल्या. डाळ रात्री भिजवलेली, पाट्यावर वाटली. यंत्रात वाटली की बडी आतून भरीव राहते, शिजत नाही. हिंग, धणे, थोडा कोहळा किसून. पहिल्या दोन बड्या जोडीनं मांडून त्यांना कुंकू लावलं, नवरा-बायको. सलोनी बाळाला घेऊन उन्हात बसली होती. तिच्या माहेरी कोट्याला हे करत नाहीत म्हणे. म्हणाली, "यांचं लग्न लागलं, मग बाकीच्या?" मी म्हटलं, "बाकीची वरात." हसली. किती दिवसांनी हसली!

ऊन असं लख्ख होतं की संध्याकाळपर्यंत वरून वाळल्या. उन्हाचेही आभार मानावेत असे दिवस आले आहेत. मानले.

१० डिसेंबर

लाडू. तुपाशिवाय लाडू कसा वळायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तीळ, राजगिरा, फुटाणे कुटले, तिळाच्या तेलात परतले. मुठीत धरलं की भुसभुस सुटायचं. तिसऱ्या वेळी खजूर घातला तेव्हा जरा ऐकलं. सलोनी म्हणाली, मी वळते. तिचे हात लहान, लाडू सुपारीएवढे. पण घट्ट! माझ्यापेक्षा घट्ट.

दुपारी तिच्या ताटात मठाची उसळ, मुगाच्या बडीची भाजी, वरण, चार गरम पोळ्या, शिवाय मी जबरदस्तीनं वाढलेली पाचवी. बाळंतिणीनं असं जेवावं! मला पाहूनच पोट भरलं.

११ डिसेंबर

आज रक्त नाही. णमोकार एकशे आठ वेळा.

१२ डिसेंबर

आहे. परवापेक्षा जास्त.

१४ डिसेंबर, शनिवार

आज फार वाईट झालं. लिहू की नको असं झालं, पण वहीपासून काय लपवायचं.

बारा दिवस झाले. माझ्या हातून कुठे चूक नाही. मी एकेक दाणा निवडून शिजवते आहे. तरी रक्त जात नाही. मग कुठून येतं? सकाळी त्यांच्या खोलीत चादर बदलायला गेले तर उशीमागे बिस्किटाच्या पुड्याचा कागद. चष्मा लावून वाचला. त्यात होतं, सोया.

मी कागद घेऊन बैठकीत आले. पीयूष होता, हे होते. सगळ्यांसमोर विचारलं. सलोनी म्हणाली, "मी नाही खाल्लं." पीयूष म्हणाला, मीच खाल्लं रात्री. बायकोला वाचवायला नवरे असंच म्हणतात. मी म्हटलं, "मी इथे डोळे फोडून शिजवते आणि तुला बाळापेक्षा जीभ मोठी झाली?"

तिनं पाळण्यातून बाळ उचललं आणि आत गेली. हे म्हणाले, "जरा जास्तच झालं." मी ह्यांनाही दोन सुनावल्या.

१५ डिसेंबर

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. सलोनी जेवायला आली, मी वाढलं, ती जेवली. मागून घेतलं नाही. पोळी तर हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत बसली होती. माझ्यावरचा राग अन्नावर काढू नये.

पण चूक ती चूक. बोलायला हवंच होतं. आई झाली म्हणजे जिभेला लगाम लागतोच.

१६ डिसेंबर

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी नेहमी करते तशी दोन सामायिक केली, दीड तास आतल्या खोलीत ध्यानाला बसले. मन लागलं नाही.

१९ डिसेंबर

दोन दिवस रक्त नाही. बोलणार नाही कुणाशी. दृष्ट लागते.

२२ डिसेंबर, रविवार

पाच दिवस!

रात्री बाळ रडलंही नाही, पोट आखडून घेत नाही. लंगोट उजेडात नेऊन पाहते, परत पाहते. मला पाहून हे म्हणाले, मंडीत मालाचा नमुनासुद्धा कुणी असा पाहत नाही.

आज कुळथाचं कढण केलं. सलोनीनं दोन वाट्या घेतल्या. म्हणाली, "मम्मीजी, हे माझ्या आईला कसं करायचं सांगाल?" इतकं बोलली. मला बरं वाटलं. राग धरून बसणारी नाही ही, एवढं मात्र खरं.

२५ डिसेंबर

चवळीचे वडे. फसले. सगळ्यांनी खाल्ले.

३० डिसेंबर, सोमवार

तेरा दिवस स्वच्छ! तेरा! तत्वीच्या गालावर मांस दिसायला लागलं. वजनकाट्यावर ठेवायला पीयूष तिला दुकानात घेऊन गेला होता, वेडा. आडतीच्या काट्यावर! हमालांनी म्हणे टाळ्या वाजवल्या.

विमलाबाई विचारायला आल्या, काय केलंत? मी सांगितलं. मुगाच्या बड्या, तिळाचे लाडू, सातू, कढण. त्यांनी लिहून घेतलं. त्यांच्या भाचीलाही असंच आहे म्हणे. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी बोलले तेही लागू पडलं. सोळा तारखेनंतर एकदाही रक्त नाही, म्हणजे काय समजायचं? कडू औषधच गुण देतं. सलोनीला मनातून मी माफ केलं. लहान आहे.

आज मन भरून आलं आहे. मुगाचे आभार, तिळाचे आभार, माझ्या सासूबाईंचे आभार, त्यांनी पाट्यावर वाटायला लावलं नसतं तर मला काय येत होतं? देवानं हात दिले, त्या हातांना वेळेवर आठवलं. आणखी काय मागायचं?

४ जानेवारी, शनिवार

दवाखाना. बाईंनी तपासलं, वजन केलं, हसल्या. अंगावरचं चालू ठेवायचं! डब्याची गरज नाही. दूध-सोया आणखी काही महिने बंद, मग बाळ मोठं झालं की पुन्हा त्यांनाच विचारून हळूहळू. "आजीनं फार कष्ट घेतलेले दिसतात," असं त्या म्हणाल्या. सलोनी लगेच म्हणाली, "हो, सगळं मम्मीजींनी केलं."

सगळं मम्मीजींनी केलं. रिक्षात मी ते पुन्हा पुन्हा आठवत आले. घरी येऊन ह्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तर म्हणाले, "ऐकलं हो."

सलोनी बाळाला पाजत झोपून गेली, तिच्या अंगावर मी शाल टाकली. झोपेतही एक हात बाळाच्या पाठीवर.

९ जानेवारी, गुरुवार

पीयूष इंदूरला गेला आहे म्हणून गहू घेऊन मीच गिरणीवर गेले. मांगीलालला म्हटलं, नेहमीचं दळण. तो म्हणाला, "नेहमीचं म्हणजे जुनं, का बहूरानींनी सांगितलेलं?"

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. चाळीस किलो गव्हाला दोन किलो सोयाबीन, हे मीच ठरवून दिलं होतं, पीयूष शाळेत होता तेव्हा. पोरगं हाडकुळं आहे, ताकद येईल म्हणून. तेव्हापासून आमच्या पोत्यात तो न विचारता घालतो. निम्म्या गावाच्या पोत्यात घालतो. मी कधीच विसरून गेले होते. आमच्यासाठी तो आटा होता, सोयाबीन नव्हतं.

"सोळा डिसेंबरला बहूरानींचा फोन आला, आमच्या आट्यात काय काय असतं म्हणून. सांगितलं तर म्हणाल्या, आजपासून फक्त गहू. तुम्ही सामायिकाला बसला होता तेव्हा नवा आटा मीच पोचवला. आणि म्हणाल्या, मम्मीजींना कळू देऊ नका. आपल्याच पोळ्यांनी बाळाला त्रास झाला हे कळलं तर त्या जेवणार नाहीत."

त्याच दिवशी तिनं आट्याला जाळी लागली म्हणून अख्खा डबा गाईंना घातला होता. मी तिला उधळी म्हटलं होतं.

पाचवी पोळी मीच जबरदस्तीनं वाढत होते. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

घरी आले. सलोनी पाजत बसली होती. म्हणाली, "आटा आणलात, मम्मीजी?"

म्हटलं, "आणला. फक्त गहू."

तिनं मान खाली घातली. क्षमा मागायची संवत्सरी अजून आठ महिने लांब आहे. मी आजच हात जोडले.