लालचंदची स्प्रिंग

बदलापूर, मंगळवार, नोव्हेंबर १९९१

आज मी लालचंदच्या मालात नसलेली खोट काढली.

उल्हासनगरचा हा लालचंद कीबोर्डच्या बटणांखाली बसणारे स्विच बनवतो, जर्मन स्विचची हुबेहूब नक्कल. सकाळी नमुना घेऊन आमच्या कंपनीत आला. मोठे साहेब मला म्हणाले, "ओरिजिनल आणि हा, दोन्ही दाबून सांग." दाबले. परत दाबले. बोटांना काही फरकच कळेना. पण माल तपासणारा मी, आणि साहेब समोर उभे. म्हणालो, "डुप्लिकेट लगेच कळतो. स्प्रिंग मऊ आहे."

लालचंद रागावलासुद्धा नाही. "कडक करतो ना साहेब. शाम को घरी या, बघून सांगा."

खरं सांगायचं ठरवूनच गेलो. त्याच्या बायकोने पाणी आणि पापड पुढे ठेवले. त्याने नवा स्विच हातात दिला. स्प्रिंग इतकी कडक, की बोट दुखलं. चांगली वस्तू माझ्या शब्दावर बिघडवली होती त्याने!

"लालचंदजी, पहिलीच स्प्रिंग ठेवा. तीच बरोबर होती. मोठ्या साहेबांना मी सांगतो."

सकाळी खोटं बोललो, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. का नाही निघालं? तो काय मारणार होता मला?

उलट बायकोकडे वळून खुशीत म्हणाला, "देखा? साहेब दोन दोन वेळा तपासतात, तेव्हा बोलतात. असा माणूस मिळत नाही."

आणि मी मान डोलावली. खरंच डोलावली.